विक्री पुरी केव्हां होते?



ज्या यंत्राच्या कृपेनें मी आपल्या घरांत आलों आहें, त्या यंत्रापासूनच आजच्या भाषणाला आरंभ करतों. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं रेडिओ आला, तो वडिलांनीं दोन दिवाळ्यांचे पैसे मागें टाकून आणलेला. त्याच्याबरोबर पोस्टाच्या बचतखात्याच्या पुस्तकासारखें एक लहान पुस्तकही आलें. तो रेडिओचा परवाना. दर वर्षीं वडील तें पुस्तक घेऊन पोस्टांत जात, फी भरीत, आणि पोस्टमास्तर त्यांत तिकीट चिकटवून वर शिक्का उठवीत. एका वर्षीं वडील आजारी होते आणि फी भरावयाची राहून गेली. पुढें ती दंडासह भरावी लागली, घरांत त्यावरून बरीच बोलणींही झालीं. परंतु मधल्या महिन्यांत आमचा रेडिओ कांहीं मुका झाला नाहीं. सकाळच्या बातम्या आणि कामगारसभा नेहमींप्रमाणें ऐकूं येत होत्या. ऐकण्याच्या परवानगीचे पैसे वेगळे आणि रेडिओचे वेगळे, हा भेद आम्हां पोरांनाही कळत असे. रेडिओ आमचा होता. १९८० नंतरच्या दशकांत हे परवाने सरकारनें रद्द केले; तें पुस्तक अजून माझ्या ट्रंकेंत आहे.

हा भेद आतां पुसला जात आहे. तो कसा पुसत आला, याचा इतिहास सांगावा म्हणून मी आज बसलों आहें.

निमित्त अगदीं घरगुती आहे. मी मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि खडूफळ्यावर नोकरी पुरी केली. संगणकाशीं माझी गांठ पडली ती पन्नाशी उलटल्यावर. २०१२ सालीं आमच्या शाळेच्या शताब्दीच्या निमित्तानें जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी लिहून काढण्याचें काम मजकडे आलें, आणि त्यासाठीं मीं लेखनाचें एक सॉफ्टवेअर, पूर्ण किंमत एकदांच मोजून, तबकडीच्या रूपांत विकत घेतलें. शताब्दी आली आणि गेली. आठवणींचें वेड मात्र राहिलें. अकरा वर्षांत मी सत्तरएक माणसांच्या ओसरीवर जाऊन बसलों. कोणी पावसाळ्यांत दप्तर डोक्यावर बांधून ओढा ओलांडून शाळेंत येत असे; कोणीं १९७२ च्या दुष्काळांत मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढलेले. त्यांतील निम्म्याहून अधिक मंडळी आतां हयात नाहींत.

दोन वर्षांपूर्वीं संगणकाच्या पडद्यावर एक चौकट येऊं लागली. ‘सुधारणा उपलब्ध आहे,’ असा मजकूर, आणि खालीं दोन बटणें: एक ‘आतां करा’, दुसरें ‘नंतर आठवण द्या’. ‘नको’ असें तिसरें बटण नव्हतें. जन्मभर मुलांना ‘योग्य पर्याय निवडा’ म्हणून प्रश्न घालणाऱ्या माणसाच्या हें तत्काळ ध्यानांत यावयास हवें होतें, आलें नाहीं. तीन आठवडे मीं ‘नंतर’ वर बोट ठेवलें. एका रात्रीं यंत्रानें आपली आपणच सुधारणा करून घेतली. सकाळीं पाहतों तों माझ्या सर्व आठवणी वाचतां येत होत्या, पण त्यांत एक काना घालतां येईना कीं एक पान छापतां येईना. तेवढ्यासाठीं वार्षिक वर्गणी भरावी, असें नवी चौकट सांगत होती. कंपनीला पत्र घातलें. उत्तर आलें कीं, आपली जुनी आवृत्ति आतां चालविली जात नाहीं, तरी नव्या आवृत्तीचे लाभ घ्यावे.

मागितलेली रक्कम फार मोठी होती असें नाहीं. पण सांगणारीं माणसें माझ्या ओळखीचीं, लिहिणारा मी, कागद माझा, शाई माझी. आणि छापण्याची परवानगी कोणा दूरदेशच्या कंपनीची! मीं २०१२ सालीं नेमकें विकत घेतलें होतें तरी काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मनांत घर करून बसला.

पुस्तकापुरता हा प्रश्न शंभरांवर वर्षांपूर्वींच सुटलेला आहे. अमेरिकेंत एका प्रकाशकानें ‘द कॅस्टअवे’ नांवाच्या कादंबरींत सूचना छापली होती कीं, हें पुस्तक कोणीं एक डॉलरपेक्षां कमी किंमतीस विकल्यास तो आमच्या ग्रंथहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कमधील मेसीच्या दुकानानें तें ८९ सेंटांना विकावयास ठेवलें. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९०८ सालीं निकाल लागला कीं, एकदां प्रत विकली कीं तिच्यावरचा प्रकाशकाचा हात सुटला. घेणाऱ्यानें ती वाचावी, विकावी, कोणास द्यावी. आपल्या रद्दीच्या दुकानांत आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे जे ढीग दिसतात, ते याच साध्या समजुतीवर उभे आहेत.

संगणकाचा वंश मात्र निराळा. तो जन्मतःच भाड्याचा. संगणक निघण्यापूर्वीं मोठमोठ्या कचेऱ्यांतील हिशेब जाड कागदाच्या कार्डांना भोंकें पाडून आणि तीं कार्डें विजेच्या यंत्रांतून फिरवून होत असत. हीं यंत्रें करणारी अमेरिकेंतील प्रमुख कंपनी म्हणजे आयबीएम. ती आपलीं यंत्रें विकीतच नसे, भाड्यानें देई. भाडेपट्ट्यांत एक कलम असे कीं, यंत्रांत कार्डें घालावयाचीं तीं आयबीएमचींच. दुसऱ्याचीं घातल्यास पट्टा संपला. सरकारनें यावर खटला भरला. कंपनीचें म्हणणें असें कीं, परक्या कार्डांनीं यंत्र चुका करील, बिघडेल, आणि बट्टा लागेल तो आमच्या नांवाला. परंतु याच कंपनीनें खुद्द सरकारी खात्यांना, थोडें जादा भाडें घेऊन, स्वतःचीं कार्डें वापरण्याची मुभा दिलेली होती! १९३६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम बेकायदा ठरविलें.

ज्यांच्या घरीं हल्लीं छपाईचा प्रिंटर आहे, त्यांना कंपनीचा तो युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १३ सप्टेंबर २०१६ रोजीं एचपी कंपनीचे अनेक प्रिंटर, जगांत ठिकठिकाणीं आणि एकाच दिवशीं, दुसऱ्या कारखान्यांनीं बनविलेलीं शाईचीं कार्ट्रिजें नाकारूं लागले. आदल्या दिवसापर्यंत तींच कार्ट्रिजें बिनतक्रार चालत होतीं. तारखेची ती आज्ञा आधींच एका अपडेटमधून प्रिंटरच्या पोटांत घालून ठेवलेली होती. कंपनीनें सांगितलें तें दर्जाचें आणि सुरक्षिततेचें कारण. ऐंशी वर्षांत नवें कारण कांहीं सुचलेलें दिसत नाहीं. फार ओरड झाल्यावर, आम्हीं हें गिऱ्हाइकांना नीट समजावून सांगावयास हवें होतें, अशी दिलगिरी कंपनीनें त्याच महिन्यांत व्यक्त केली आणि तें बंधन काढून टाकणारा दुसरा अपडेट देऊं केला. १९३६ च्या कंपनीला निदान भाडेपट्ट्यावर कलम लिहावें लागलें होतें आणि भाडेकरूची सही घ्यावी लागली होती, एवढाच काय तो फरक.

आयबीएमकडे पुन्हां वळूं. २५ जानेवारी १९५६ रोजीं झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्यानें तिच्यावर बंधन आलें कीं, जीं यंत्रें भाड्यानें देतां तीं विकतही दिलीं पाहिजेत, आणि विक्रीच्या अटी गिऱ्हाइकाला नाइलाजानें भाड्याकडे वळविणाऱ्या नसाव्या. भाडें कीं विकत, हें ठरविणें त्या दिवसापासून घेणाऱ्याच्या हातीं आलें.

आपल्या देशांत मात्र भाड्याचाच कारभार पुढें बरींच वर्षें चालला. इतर देशांत वापरून झालेलीं १४०१ जातीचीं यंत्रें येथें आणून, डागडुजी करून, भाड्यानें दिलीं जात. संसदेच्या लोकलेखा समितीनें १९७० नंतरच्या दशकांत या प्रकारावर कडक टीका केली. १९७३ च्या परकी चलन कायद्यान्वयें कंपनीनें आपला वांटा ४० टक्क्यांवर आणावा असा आग्रह सरकारनें धरला. कंपनीनें तो मानला नाहीं, आणि १९७८ सालीं ती हिंदुस्थान सोडून गेली. पुढचें सांगण्यासारखें आहे. कंपनी गेली, तरी तिचीं यंत्रें ज्या कचेऱ्यांत होतीं तेथें तीं चालूच राहिलीं. त्यांची निगा राखण्याचें काम सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशननें हातीं घेतलें, आणि आपल्याच इंजिनियरांनीं तीं वापरांत ठेवलीं.

याच्या शेजारीं जुलै २०२५ मधील एक गोष्ट ठेवून पाहा. मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीवर युरोपीय संघानें निर्बंध घातले, कारण तिच्यांत रशियन कंपनीचा मोठा वांटा आहे. तोंच मायक्रोसॉफ्टनें पुरविलेल्या तिच्या ईमेलसारख्या सेवा एकाएकीं बंद झाल्या. त्यांचे पैसे आम्हीं पूर्ण भरलेले आहेत, असें नायराचें म्हणणें होतें. तिला दिल्लीच्या उच्च न्यायालयांत धांव घ्यावी लागली. थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य कीं अयोग्य, हा राजकारणाचा भाग मी सोडून देतों. पण १९७८ सालीं कंपनी देशांतून गेली तरी यंत्र चालत राहिलें. २०२५ सालीं कंपनी आपल्या जागेवरून हललीही नाहीं, आणि चालतें काम थांबलें.

आतां यंत्राकडून सॉफ्टवेअरकडे, म्हणजे ज्याला आपण आज्ञावली म्हणतों तिच्याकडे येऊं. आरंभीं तिला वेगळी किंमतच नव्हती. यंत्र घेतलें कीं आज्ञावल्या त्याच्याबरोबर येत, आणि गिऱ्हाइकें त्या एकमेकांना देतही असत. १९५५ सालीं लॉस एंजेलिस येथें अशा गिऱ्हाइकांनीं ‘शेअर’ नांवाचा एक संघ स्थापिला; एकानें लिहिलेली आज्ञावली सर्वांना मिळावी, एवढाच त्याचा उद्देश. पुढें २३ जून १९६९ रोजीं आयबीएमनें जाहीर केलें कीं, यापुढें यंत्राची किंमत वेगळी आणि आज्ञावलीची वेगळी. त्या दिवसापासून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. हा माल एकमेकांना देणाऱ्यांना चोर म्हणणारें पहिलें प्रसिद्ध पत्र बिल गेट्स यांचें, १९७६ च्या फेब्रुवारींतील. छंद म्हणून संगणक जोडणाऱ्या लोकांनीं त्यांची ‘बेसिक’ ही आज्ञावली पैसे न देतां वांटून घेतली होती.

त्यांच्या रागाला कारण नव्हतें असें कोण म्हणेल? मी तर म्हणणार नाहीं. आमच्या शाळेंत पहिले संगणक आले तेव्हां त्यांतील एकाही सॉफ्टवेअरची पावती शाळेच्या दप्तरांत नव्हती, आणि तें सर्व शिक्षकांना, मलाही, ठाऊक होतें. मुलांना आम्ही नीतिपाठ देत होतों तो त्याच खोलींत. वर्गणीची पद्धति ही आमच्यासारख्यांच्या चोरीमुळें आली, असें कंपन्या म्हणतात. अर्धें खरें आहे.

१९८० ते २००५ हा पाव शतकाचा काळ माझ्या मतें मोठा समजूतदार होता. सॉफ्टवेअर खोक्यांतून येई. आंत फ्लॉपी किंवा तबकडी असे आणि एक छापील पुस्तक. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरांबरोबर बोटभर लांबीचा एक ठोकळा येई. तो संगणकाच्या मागें खोंचल्याशिवाय अक्षरें उमटत नसत. डीटीपीवाले त्याला ‘लॉक’ म्हणत. तें लॉक हरवलें कीं दुकानाचें दिवाळें; म्हणून रात्रीं तें गल्ल्यांत पैशांबरोबर ठेवीत. त्या लॉकची सर्वांना कटकट वाटे. आज मला त्याचा मोठेपणा कळतो: कुलूप होतें खरें, पण तें गिऱ्हाइकाच्या गल्ल्यांत होतें.

याच काळांतलें पेजमेकर घ्या. १९८५ सालीं तें निघालें; त्याची शेवटची सातवी आवृत्ति २००१ ची. तरीही मराठी पुस्तकें आणि लग्नपत्रिका जुळविणाऱ्या लहान दुकानांतून तें पुढें कितीतरी वर्षें चालूं होतें. मालकाला पुसावें तर तो म्हणे, ‘माझें काम याच्यावर होतें, माझे फाँट याच्यावर चालतात, नवें घेऊन करूं काय?’ नवी आवृत्ति घ्यावी असें विक्रेत्याला वाटत असेल, तर या माणसाचें मन वळेल असें कांहींतरी तिच्यांत घालणें त्याला भाग होतें. न घालील तर माणूस जुन्यावर सुखानें बसे. मागें राहण्याचा हक्क असा कोठल्याही कायद्यांत लिहिलेला नाहीं. पण तो होता, आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या हातांत तेवढेंच एक शस्त्र होतें.

अपडेट हा शब्द तेव्हां फार निरुपद्रवी होता. त्याचा अर्थ दुरुस्ती. सायकलचें चाक वांकडें निघाल्यास दुकानदार जसें सरळ करून देतो, तशी आज्ञावलींत राहिलेली चूक करणाऱ्यानें निस्तरून द्यावयाची. इंटरनेट घरोघर आल्यावर ही दुरुस्ती तारेनें येऊं लागली, आणि तिची गरजही वाढली. कारण त्याच तारेनें चोरही येऊं लागले. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक भगदाड बुजविणारी दुरुस्ती काढली. ज्यांनीं ती घेतली नाहीं त्यांच्यांतील लक्षावधि संगणकांना दोनच महिन्यांत खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’नें गांठलें, इंग्लंडमधील रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. जून महिन्यांत त्याच भगदाडाचा उपयोग करणारा दुसरा विषाणु आला, आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम ठप्प झालें. येथवर अपडेटच्या बाजूनें पुरावा चोख आहे. पण हा दुसरा विषाणु जगांत प्रथम शिरला कसा? युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! ज्या दारानें वैद्य येतो त्याच दारानें मारेकरी आला. कारण तें दार उघडण्याची आंतून कोणाला गरजच नव्हती.

विक्रेत्यांनीं या दाराचा जो उपयोग केला तो अर्थात् एवढा भयंकर नाहीं, पण चिकाटीचा आहे. फोटो आणि छपाईच्या धंद्यांत ज्याच्यावांचून पान हलत नाहीं त्या फोटोशॉपची कंपनी अडोबी. तिनें मे २०१३ मध्यें जाहीर केलें कीं, खोक्यांतून मिळणारी सहावी मालिका ही शेवटची. यापुढें सुधारणा मिळतील त्या फक्त मासिक वर्गणी भरणाऱ्यांना. पूर्ण संचाची किंमत तोंवर २,५९९ डॉलर होती. वर्गणी महिना ५० डॉलर. प्रथमदर्शनीं वर्गणी स्वस्त दिसते, आणि एकाच कामापुरता संच हवा असेल त्याला ती खरोखरच स्वस्त पडते. हें कबूल केलें पाहिजे. पण ज्याचें पोट त्याच्यावर आहे तो पांच वर्षांत ३,००० डॉलर भरतो, आणि सहाव्या वर्षीं भरणें थांबवील तर त्याच्या हातीं कांहींएक उरत नाहीं. हजारों छायाचित्रकारांनीं आणि चित्रकारांनीं अर्जावर सह्या केल्या. कंपनी ढळली नाहीं. त्या वर्षीं तिचें उत्पन्न सुमारें ४०० कोटी डॉलर होतें. दहा वर्षांनीं, २०२३ सालीं, तें १,९४० कोटींच्या घरांत गेलें. हे आंकडे पाहिल्यावर इतर कंपन्यांनीं तीच वाट धरली यांत नवल नाहीं. स्थापत्यशास्त्राचे नकाशे काढण्याचें सॉफ्टवेअर करणाऱ्या ऑटोडेस्कनें २०१६ सालीं कायमचे परवाने विकणें बंद केलें.

मला या कथेंत पैशाहून अधिक टोंचते ती आर्जवाची भाषा. २०१५ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजची दहावी आवृत्ति जुन्या गिऱ्हाइकांना वर्षभर फुकट देऊं केली, आणि ती घ्यावी म्हणून पडद्यावर चौकटी धाडल्या. २०१६ च्या मे महिन्यांत अशी पाळी आली कीं, चौकटीच्या कोपऱ्यांतील लाल फुली दाबून ती बंद केली तरी होकार दिला असें धरलें जाई. फुलीचा अर्थ ‘चूक’ किंवा ‘नको’. पहिलीच्या मुलाला विचारा! कॅलिफोर्नियांतील प्रवासी-व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचा संगणक या न मागितलेल्या आवृत्तीनें निकामी झाला. त्या न्यायालयांत गेल्या, आणि कंपनीला १०,००० डॉलर भरपाई मोजावी लागली. त्याच दहाव्या आवृत्तीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर ३० डॉलर द्यावे, किंवा आपल्या संगणकाची जुळवणी कंपनीच्या खात्यांत ठेवण्यास संमति द्यावी, असें ठरलें. चाक सरळ करून देण्याचीच आतां किंमत झाली. युरोपांत ग्राहकसंघटनांनीं नेट धरला, तेव्हां तेथें पैशाची अट निघाली.

त्याच ऑक्टोबर महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक-आयोगानें याच कंपनीला न्यायालयांत खेंचलें. आयोगाची तक्रार मोठी वाचनीय आहे. लेखनाच्या आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत कृत्रिम बुद्धीचा मदतनीस घालून एकट्या माणसाची वार्षिक वर्गणी १०९ डॉलरवरून १५९ डॉलर केली गेली. सुमारें २७ लाख वर्गणीदारांना पत्रें गेलीं कीं, हा दर माना किंवा वर्गणी रद्द करा. वस्तुतः तिसरा पर्याय होता: मदतनीस नको, जुनाच दर चालूं द्या. पण तो दिसे केव्हां, तर वर्गणी रद्द करावयास निघालेला माणूस दोनचार पायऱ्या उतरून गेल्यावर. कंपनीनें पुढें क्षमा मागितली आणि पैसे परत देऊं केले. जुनेंच चालूं ठेवण्याची सोय तळघरांत ठेवलेली होती, हें वाचून माझ्या चौकटींतलें हरवलेलें तिसरें बटण मला आठवलें.

वर्गणी हा शब्द आपल्याकडे काय वाईट आहे? गणपतीची वर्गणी, ग्रंथालयाची वर्गणी. हें भाषण ज्या मासिकांत छापून येईल त्याचेही आपण वर्गणीदार असाल. मासिकाची वर्गणी थकली तर पुढचा अंक येत नाहीं, हें न्याय्यच आहे. मागच्या वर्षींचे अंक कपाटांतून उठून कार्यालयाकडे परत गेले, असें मात्र कोणाच्या घरीं घडलेलें नाहीं. सॉफ्टवेअरच्या वर्गणींत नेमकें तें घडतें. आमच्या बाजूला जमिनीच्या व्यवहारांत तिला खंड म्हणत आणि भरणाऱ्याला कूळ. कुळाला पुढें कायद्यानें जमीन मिळाली.

न्यायालयांचा कौल अद्याप एका दिशेला नाहीं. १९०८ चा पुस्तकाचा न्याय सॉफ्टवेअरला लावावा काय, यावर २०१० सालीं अमेरिकेच्या एका वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं नाहीं, खोकें घेणारा हा मालक नव्हे, परवानेदार. तर २०१२ सालीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें सांगितलें कीं, कायमच्या वापरासाठीं एकरकमी किंमत घेतली असेल तर ती विक्रीच, आणि घेणारा तें पुढें विकूं शकतो. कॅलिफोर्नियानें १ जानेवारी २०२५ पासून निराळाच मार्ग धरला: जी डिजिटल वस्तु पुढें काढून घेतली जाऊं शकते तिच्यापुढें ‘विकत घ्या’ असे शब्द घालावयाचे तर गिऱ्हाइकाला तें आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. व्याकरण सुधारलें, व्यवहार तसाच राहिला.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पडद्यावरील फसव्या युक्त्यांविषयीं नियम काढले. त्यांत तेरा युक्त्या नांवानिशीं सांगितल्या आहेत. वर्गणीचा सापळा त्यांत आहे; पुनःपुन्हां चौकटी दाखवून पिच्छा पुरविणें हेंही आहे. मीं तो कागद मुद्दाम मिळवून वाचला. नियम चांगला आहे. माझी चौकट तो निघाल्यानंतरही येतच होती.

मला प्रत्यक्ष उपयोग झाला तो रिझर्व्ह बँकेच्या एका साध्या नियमाचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आलेल्या या नियमाप्रमाणें, खात्यांतून वरचेवर आपोआप जाणारे पैसे कापण्यापूर्वीं निदान चोवीस तास आधीं खातेदाराला वर्दी द्यावी लागते, आणि ती मिळाल्यावर त्याला नकार देतां येतो. माझ्या आठवणी सोडवून घेण्यासाठीं अखेर मीं एका महिन्याची वर्गणी भरली. नातवाला शेजारीं बसवून चार रात्रींत सर्व पानें छापून काढलीं, आणि मजकूर कोणीही उघडूं शकेल अशा साध्या रूपांत उतरवून दोन ठिकाणीं ठेविला. आतां मी लिहितों तें लिबरऑफिस नांवाच्या सॉफ्टवेअरवर. २०१० सालीं तें निघालें, आणि त्याला ना किंमत ना वर्गणी. अक्षरें थोडीं निराळीं दिसतात, जोडाक्षरांशीं अधूनमधून भांडण होतें, पण निभतें.

महिना संपण्याच्या आदल्या संध्याकाळीं फोनवर बँकेची वर्दी आली: उद्यां आपल्या खात्यांतून अमुक रक्कम वजा होईल. खालीं रद्द करण्याची जागा होती, एकाच टिचकीवर. मीं ती दाबली. दुसऱ्या दिवशीं कंपनीचें पत्र आलें, आपण जात आहांत याचें आम्हांला दुःख होत आहे; आणि त्याच्या खालीं दोन बटणें होतीं.